मी सांगेपर्यंत उठू नका

३ मार्च, मंगळवार

आले एकदाची. सामान आणणाऱ्या टेम्पोवाल्याने विचारलं, बाकीचं मागून येतंय का. म्हटलं, बाकीचं काही नाही, एवढाच संसार. तो हसला. मग आपण हसायला नको होतं असं वाटलं असावं त्याला, कारण पुस्तकांचं जड खोकं त्याने न सांगता वरपर्यंत नेऊन ठेवलं.

जागा अगदी मनासारखी आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरची लांबट, तिच्या एका टोकाला ओटा आणि दुसऱ्या टोकाला पलंग. आतली चौकोनी, अभ्यासाची. तिला एकच खिडकी, आणि खिडकीतून दिसते ती समोरच्या गोदामाची कोरी भिंत. दुसऱ्या कुणी नाक मुरडलं असतं, मी खूश झाले. बघण्यासारखं काही नसलं की डोळे मुकाट्याने पुस्तकात राहतात. आतल्या खोलीच्या भिंतीला एक खिळासुद्धा नाही. एक टेबल आणि एक लाकडी खुर्ची, हातांची, चांगली जड. बसून पाहिलं. कुणीतरी माप घेऊन बेतल्यासारखी बसली.

खाली मालक-मालकीण राहतात. काका शिंपी, पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. काकूंनी आल्या आल्या चहा दिला आणि कप रिकामा होईपर्यंत माझं सगळं चरित्र काढून घेतलं. आई गेली, दादा दुसऱ्या गावी, लग्न केलं नाही, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायचे, आता ती नोकरी सोडून वकील व्हायचं डोक्यात घेतलंय. गोष्ट इथवर आली की बहुतेकांच्या भुवया वर जातात. काकूंच्या गेल्या नाहीत. उलट त्या म्हणाल्या की या खोलीत अभ्यास फार चांगला होतो. काका मान खाली घालून काजं करत बसले.

संध्याकाळी ही वही काढली. बोलायला कुणी नाही, तर निदान लिहायची सवय तरी राहू दे.

८ मार्च, रविवार

घडी बसली. सकाळी वाचन, दुपारी तर्काचे प्रश्न, संध्याकाळी एक फेरी रस्त्याच्या टोकापर्यंत. टोकाला टायरचं दुकान आहे, त्याच्यापुढे नुसती मोकळी जागा. तिथून परत फिरते. टायरवाला आता मान हलवतो, मीही हलवते. दिवसभरातलं माझं तेवढंच सामाजिक जीवन.

लॉची प्रवेश परीक्षा हल्ली घरूनही देता येते. मी तीच निवडली, केंद्रावरच्या गर्दीत मला काही सुचत नाही. नियम मात्र कडक आहेत. खोलीत आपण एकटे हवे, दार बंद, भिंती मोकळ्या, फोन खोलीबाहेर. लॅपटॉपचा कॅमेरा सगळा वेळ आपल्याकडे बघतो आणि पलीकडे कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून बघतो. बोलायचं नाही, नजर फिरवायची नाही. संपलं असं पर्यवेक्षक स्वतः तोंडाने सांगेपर्यंत उठायचं नाही. आधी उठलं की पेपर बाद. ऑनलाइन क्लासच्या सरांनी हे इतक्यांदा बजावलंय की मी हल्ली जेवतानासुद्धा ताठ बसते.

यंदाची संधी शेवटची, पुढच्या वर्षी वयाच्या अटीत मी बसत नाही. हे दादाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, मग नोकरी कशाला सोडलीस. इतकी वर्षं तक्रारी नोंदवून घेतल्या, सोडवली एकही नाही, म्हणून सोडली. पण हे फोनवर सांगायला गेलं की भाषणासारखं वाटतं.

आज दुपारी सहज मोठ्यांदा म्हटलं, नमस्कार, तक्रार विभाग. आवाज घोगरा झालाय. दोन दिवस वापरलाच नव्हता.

१५ मार्च, रविवार

पहिली सराव परीक्षा दिली आणि पहिल्याच दिवशी शोभा झाली.

सराव परीक्षाही खऱ्यासारखीच असते, फक्त पर्यवेक्षकाच्या जागी संगणकच लक्ष ठेवतो. निम्मा पेपर झाला असेल आणि वास आला. दूध गॅसवर ठेवून बसले होते. उठले, धावले, पातेलं उतरवलं, ओटा पुसला, हात पोळला तो पाण्याखाली धरला. परत आले तेव्हा वाटलं, आता पडद्यावर लाल अक्षरात बाद लिहिलेलं दिसणार. काहीच नव्हतं. घड्याळ शांतपणे चाललेलं. शेवटी अहवाल आला, त्यात स्वच्छ लिहिलंय: उमेदवार पूर्ण वेळ जागेवर.

खूप हसले. असलं आंधळं यंत्र असेल तर लोक काय काय करत असतील.

गुण यथातथाच. पण बाकावर बसलेल्या सहा जणांचं ते कोडं, कोण कोणाच्या शेजारी, ते बरोबर आलंय. मला वाटत होतं की दूध उतू गेलं तेव्हा मी त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

२२ मार्च, रविवार

आज मुद्दाम करून पाहिलं. सराव परीक्षा चालू केली, पहिले दोन प्रश्न सोडवले आणि उठून सरळ खाली गेले. काकांकडे एक सदरा द्यायचा होता, बाही उसवली होती.

दुकानात काकू कापडाच्या घड्या घालत होत्या. त्यांना वाटलं माझं आटोपलं. मी हसत हसत सांगितलं की वर परीक्षा चालू आहे आणि यंत्राला पत्ताच नाही. काकूंच्या हातातली घडी सुटली. त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मग वर कोण बसलंय?"

म्हटलं, कोणी नाही, तीच तर गंमत आहे. काका म्हणाले की सदरा उद्या देतो, तुम्ही वर जा.

वर आले. ज्या प्रश्नांकडे मी बघितलंही नव्हतं, त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं भरलेली होती. बरोबर होती.

दार आतून लावता येतं, बाहेरून नाही. पण मी जिन्यातच होते. कुणी वर गेलं असतं तर माझ्या अंगावरूनच जावं लागलं असतं.

२४ मार्च

सराव परीक्षेचं चित्रण नंतर बघता येतं हे सरांनी सांगितलं होतं. आज बघितलं.

यंत्र चेहरा ओळखलं की त्याच्याभोवती एक बारीक हिरवी चौकट आखतं. मी बसलेली आहे, चौकट माझ्या तोंडाभोवती आहे. मी उठते. खुर्ची रिकामी. चौकट तिथेच.

माझ्या तोंडापेक्षा थोडी वर, जरा उंच माणसाचा चेहरा असावा तिथे. नुसत्या हवेभोवती. जरासुद्धा हलत नाही. माझी तर सारखी थरथरते, मी मान हलवते, नाक खाजवते. ही अशी स्थिर की चिकटवल्यासारखी. फक्त एकदा, खालून माझ्या हसण्याचा आवाज येतो तिथे, ती दाराच्या बाजूला किंचित कलते. मग पुन्हा सरळ.

शेवटी मी येऊन बसते. क्षणभर दोन चौकटी दिसतात. मग एकीत एक जाऊन एकच होते.

तीनदा बघितलं. मग लॅपटॉप बंद करून टायरच्या दुकानापर्यंत गेले आणि टायरवाला दुकान बंद करेपर्यंत समोर उभी राहिले.

२५ मार्च

परीक्षेच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडे एक मुलगी, आवाज गोड, वाक्यं पाठ. तिने तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला, आभार मानले. बाई गं, तुला काय सांगू. तो कागद तू आता कुठे सरकवशील ते मला इथे बसून दिसतंय.

दादाला फोन करावासा वाटला. काय सांगणार? हवेला चेहरा आहे म्हणून? तो वहिनीला सांगेल, वहिनी म्हणेल एकटं राहून होतं असं. आणि तिचं चुकलेलंही नसेल.

पलंगावर बसून अभ्यास केला. पाठ दुखली. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलंय.

२ एप्रिल, गुरुवार

किती दिवस दार लोटून ठेवणार. परीक्षेचा पत्ता म्हणून हीच खोली कळवलेली आहे.

आज गेले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, बसू का? मूर्खासारखंच. काही झालं नाही. बसले. खोलीत थंडी नाही, वास नाही, सावली नाही. भरदुपारचं लख्ख ऊन समोरच्या भिंतीवर. फक्त कुणीतरी जवळ बसून आपल्याबरोबर वाचतंय असं वाटत राहतं. लहानपणी एका पुस्तकात दोघं डोकं घालायचो ना, शेजारच्याचं वाचून झालं की कळतं, पान उलटू का असं न विचारताच, तसं.

भीती वाटली. पण खोटं कशाला लिहू, निम्मीच वाटली.

११ एप्रिल, शनिवार

ती शिकवते.

मी तिला 'ती' म्हणते, कारण ती बाईमाणूस आहे हे मला कळतं. मी चुकीच्या पर्यायावर गेले की माउस जड होतो. थांबते, पुन्हा वाचते, आणि दिसतं की प्रश्नात 'काही' होतं, मी 'सर्व' वाचलं. आईसुद्धा अशीच करायची. मी उलट्या टाक्याने विणायला लागले की काही न बोलता नुसता माझ्या हातावर हात ठेवायची.

गुण चढलेत. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, इतकं की कॅमेरा बंद करून रडून घेतलं.

दुपारी अभ्यास झाला की मी तिच्याशी बोलते. आईच्या आजारपणाचं सांगितलं. दादाचं सांगितलं, त्याच्या लग्नानंतर घरातल्या घरात मी पाहुणी कशी झाले ते. कोणाला सांगितलं नव्हतं. ऐकून घेणारं कुणी असलं की माणूस किती बोलतो.

संध्याकाळची फेरी हल्ली राहतेच. टायरवाल्याला वाटत असेल मी गाव सोडलं.

१८ एप्रिल, शनिवार

दुपारी दारावर हलकी टकटक. काकू होत्या. दार न उघडता बाहेरूनच म्हणाल्या, "बाळा, झालं का गं?"

मी म्हटलं, नाही काकू, अजून थोडं आहे.

बाहेर बांगड्या वाजल्या. मग त्या म्हणाल्या, "तुला नाही विचारलं."

१९ एप्रिल, रविवार

आज दुकान बंद होतं. काकू बाहेर गेल्याचं पाहून काकांना गाठलं आणि स्पष्टच विचारलं. ते इस्त्री बाजूला ठेवून खाली बसले. मला वाटतं, ते वाटच बघत होते.

त्यांची एकुलती एक मुलगी. हुशार, उंच, हट्टी. परीक्षा घरून द्यायची सोय झाली त्या पहिल्याच वर्षी ती याच खोलीत, याच खुर्चीवर बसली होती. काकूंना मधूनमधून डोकावायची सवय, म्हणून तिने आईला बजावलं होतं की काही झालं तरी दार उघडायचं नाही. त्यावरून सकाळी दोघींची थोडी बोलाचालीही झाली. वेळ संपायच्या सुमाराला काकू ताट घेऊन जिन्यात येऊन बसल्या. दार उघडेना. वेळ टळून गेली तरी उघडेना. काका म्हणाले हाक मार, काकू म्हणाल्या नको, पेपर बाद होईल. ताट गार झालं.

नंतर कळलं की शेवटी शेवटी पर्यवेक्षकाचा संपर्क तुटला होता. पडद्यावर एवढंच होतं की थांबा, आपणास पुन्हा जोडत आहोत, मी सांगेपर्यंत उठू नका. ती थांबली. उन्हं उतरल्यावर काकांनी दार ढकललं. ती ताठ बसलेली होती, डोळे कॅमेऱ्याकडे. डॉक्टर म्हणाले हृदयात जन्मापासून दोष असणार. नक्की कधी गेली ते कुणाला सांगता आलं नाही.

काका म्हणाले, हिचं तेव्हापासून एकच चाललंय. तिला कुणी ऊठ म्हणालंच नाही. आम्ही म्हणून पाहिलं, हिने पाया पडून सांगितलं, ती ऐकत नाही. ज्याने बसवलं त्यानेच उठवायला हवं. म्हणून वरच्या खोल्या ही फक्त या परीक्षेला बसणाऱ्यांनाच देते. पर्यवेक्षक त्या खुर्चीसमोर येईल आणि संपलं म्हणेल. आधीचे दोघं भाडेकरू परीक्षेच्या आधीच निघून गेले.

मग ते मला म्हणाले, "तुम्ही पण जा. भावाकडे जाऊन द्या परीक्षा. माझी बायको वाईट नाही, पण तिला आता तुम्ही दिसत नाही, फक्त खुर्ची दिसते."

२१ एप्रिल

दादाला फोन केला. पत्ता बदलायची मुदत या आठवड्यात संपते. एक दिवस, एक रिकामी खोली, एवढंच मागितलं. मागून वहिनीचा आवाज. मग म्हणाला की तेव्हा वहिनीचे आईबाबा यायचेत, मुलांचं घर, रिकामी खोली कुठून आणू छोटे? आणि म्हणाला, एवढं काय, पुढच्या वर्षी दे.

मी म्हटलं, हो, बघू.

त्याने विचारलं की तब्येत बरी आहे ना. म्हटलं उत्तम. फोन ठेवल्यावर आतल्या खोलीत गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिच्याशिवाय कुणाला सांगणार?

२६ एप्रिल, रविवार

काकू वर आल्या. काकांनी मला सांगितलंय हे त्यांना कळलं होतं. माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या, बोलल्या थोडंच. म्हणाल्या की मी त्या दिवशी दार उघडलं असतं तर ती रागावली असती, एवढंच झालं असतं ना.

मला आईची आठवण झाली. मी म्हटलं, मी बसते काकू. पेपर माझा मी देईन, आणि शेवटी ते म्हणतील तेव्हा तीही ऐकेल.

त्यांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. किती वर्षांनी मला कुणी असा हात लावला.

तिलाही बजावलंय. पेपर मी सोडवणार, माउसला हात लावायचा नाही. वकील व्हायचंय मला, उत्तरं उसनी घेऊन नाही.

२ मे, शनिवार

एक गोष्ट लिहून ठेवते. हल्ली उठायचं राहून जातं.

सकाळी बसते, मान वर करते तर भिंतीवरचं ऊन गेलेलं असतं. भूक लागल्याचं नंतर कळतं. उठताना पायांना दोनदा सांगावं लागतं. बसून बसून मुंग्या येतात, तसंच असेल.

काकू ताट दाराबाहेर ठेवतात. दार उघडत नाहीत.

६ मे

आज चित्रण बघितलं. सबंध वेळ मी बसलेली. एकच चौकट, आणि ती जरासुद्धा थरथरत नाही.

माझी सारखी थरथरायची.

८ मे

काका जिन्यात भेटले. हळूच म्हणाले, अजून वेळ आहे, जा. हातात माझा सदरा, बाही शिवलेली. मी विसरलेच होते. त्यांना म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आणि जाऊ कुठे?

त्यांनी सदरा माझ्या हातात ठेवला. मला पुढे —

९ मे, शनिवार

झाली तयारी. ओळखपत्र, कच्च्या कामाला दोन कोरे कागद, पेन. फोन बाहेरच्या खोलीत, वहीपण. काकूंनी खुर्ची पुसून दिली. पुसली म्हणजे — गाल पुसतात तशी.

दादाला तारीख कळवली होती. लक्षात असेल का?

घाबरले नाही मी. एकच वाटतंय. उद्या ती गेली की इथे —

१० मे, सकाळ

बसते आता. ऊन छान आहे.

कच्च्या कामाचा कागद

वही बाहेर राहिली, म्हणून यावर.

पेपर चांगला गेला. हे आधी लिहिते. सगळा मी सोडवला. तिने शब्द पाळला.

पर्यवेक्षक एक बाई होत्या. दमलेला आवाज. सुरुवातीला म्हणाल्या, मी सांगेपर्यंत उठू नका. शेवटी म्हणाल्या, परीक्षा संपली, आपण आता उठू शकता. मी मनात म्हटलं, ऐकलंस ना? ऊठ.

पडद्याच्या कोपऱ्यात माझं छोटं चित्र होतं. त्यातली हिरवी चौकट माझ्या तोंडावरून वर सरकली. उंच झाली. दाराकडे गेली. पर्यवेक्षक बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, शुभेच्छा. आणि त्यांची खिडकी मिटली.

दार उघडलं. जिन्यात पावलं, भरभर, उड्या मारत. खाली काकूंचा आवाज — आनंदाचा तो, पण माणसाच्या घशातून असा आवाज —

मग मी उठायला गेले.

पाय दिसतात. माझेच आहेत. सांगते, ऐकत नाहीत. पाठ खुर्चीला. हाक मारायला गेले तर तोंड उघडत नाही. परीक्षेत बोलायचं नाही. फक्त उजवा हात. एवढाच.

पडद्यावर चित्र अजून आहे. मी त्यात आहे. यंत्राला मी दिसत नाही. तोंडाभोवती काही नाही —

खाली भांड्यांचा आवाज. तिघांचं वाढलंय.

काकू आल्या. दारातच थांबल्या. बघितलं माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. लगेच कळलं. मी डोळ्यांनी सांगत होते, काका, डॉक्टर, कुणालाही बोलवा, ओढा मला —

जवळ आल्या. माझे केस कानामागे सारले. म्हणाल्या, "उठू नकोस गं. तू उठलीस तर तिला परत बसावं लागेल." म्हणाल्या की पुढच्या वर्षी येईल कुणीतरी. म्हणाल्या, तुझी असं कोण वाट बघतंय?

दार लावून घेतलं.

खाली काका ओरडतायत. कधी ओरडत नाहीत ते. आता नाही. आता गप्प.

ऊन भिंतीवरून

छातीत काहीतरी हळू होतंय

फोन. बाहेरच्या खोलीत. दादाचा आहे. त्याची धून वेगळी लावलीय. लक्षात होतं त्याच्या. त्याच्या लक्षात होतं —

वाजतोय

थांबला. परत. दादा ठेवू नकोस

पावलं. काकू. उचलला.

हो, मी मालकीण बोलतेय. हो, पेपर छान गेला. नाही, बरी आहे, दमलीय बिचारी, झोपलीय. किती गोड बोलतायत. विचारतायत, उठवू का तिला?

तो काय म्हणतोय ऐकू येत नाही

दादा हो म्हण. हो म्हण. उठव म्हण तिला, एवढंच, दादा, म्हण की ऊठ